'सेंद्रिय' म्हणजे नेमकं काय हो? (शेतातली, ताटातली, चुलीतली विषं)

पऱ्हाटी (धागाकर्ता)

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. घरी दहा एकर कोरडवाहू आहे, कपाशी (आमच्याकडे तिलाच पऱ्हाटी म्हणतात) आणि तूर. ती बाबा पाहतात. मागच्या आठवड्यात भाची ओसरीवर अभ्यासाला बसली होती. बाबांनी पुस्तकात डोकावून धड्याचं नाव वाचलं, 'सेंद्रिय रसायनशास्त्र', चष्मा कपाळावर सरकवला आणि मला हाक मारली, "सेंद्रिय बी अन् रसायन बी? दोन्हीतलं एक काहीतरी खरं सांग ना बाप्पा."

हसू आलं, पण उत्तर द्यायला अर्धा तास लागला. रसायनवाल्यांच्या लेखी सेंद्रिय म्हणजे ज्याचा सांगाडा कार्बनचा आहे ते. एके काळी समजूत अशी होती की असे पदार्थ फक्त जिवंत शरीरातच तयार होतात, म्हणून ते नाव पडलं. १८२८ साली व्होलर नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञानं प्रयोगशाळेत युरिया बनवून दाखवला आणि ती समजूत गेली. नाव मात्र राहिलं. म्हणजे म्हशीच्या मुतातला युरिया आणि पोत्यातला युरिया, रेणू एकच. तरी पोतं माझ्या पुस्तकात सेंद्रिय आणि कृषी सहायकाच्या वहीत रासायनिक! कपाशीवर मारायचं कीटकनाशक मोनोक्रोटोफॉस सेंद्रिय, डीडीटी सेंद्रिय, खर्र्यातलं (सुपारी-तंबाखू घोटून करतात तो) निकोटीनही सेंद्रियच. दहावीच्या पुस्तकात 'कार्बनी संयुगे' म्हणतात, ते बरं आहे. निदान घोळ होत नाही.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हशीला ढेप द्यायला उठले. ढेपेचं माप म्हणजे कीटकनाशकाचा एक लिटरचा डबा, वरून कापलेला. लेबल अर्धं उडालंय, पण तळाशी लाल त्रिकोण अजून स्पष्ट दिसतो. मी बोलायच्या आत तेच म्हणाले, "बारा वर्सं झाली या मापाले. म्हैस मेली का?"

म्हैस मेली नाही, हे खरंच आहे. म्हणून हा धागा. तुमच्या घरात, शेतात अशी कोणती संयुगं आहेत ज्यांच्याशी तुमची रोजची उठबस आहे? शहरातल्या लोकांचे भाजीवरच्या औषधाचे लेख खूप वाचले. मला गावातलं ऐकायचंय.

वऱ्हाडी_ठेचा

मास्तर, तुमच्या बाबानं बरोबर पकडलं. पन मले सांगा, आमी त्याले विष म्हनलंच कवा? आमी म्हनतो औषध. "पऱ्हाटीले औषध मारलं", "उद्या औषधाले दोन मानसं पाह्यजे". कृषी केंद्रात गेलं का डॉक्टरवानी चिठ्ठी भेटते, हे इतके मिली, हे त्याच्यातच मिसळून, वरून हे टॉनिक. आता औषध म्हनल्यावर त्याचं भेव कोनाले वाटन राजेहो?

माहेरवाशीण

वऱ्हाडी_ठेचा, हसता हसता फार खरं लिहिलंत. २०१७ च्या हंगामात मी एका सरकारी रुग्णालयात परिचारिका होते. त्या वर्षी एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-मजूर फवारणीच्या विषबाधेनं गेले, शेकडो भरती झाले. बाहेरच्यांना वाटायचं की आत्महत्येच्या केसेस असतील. नव्हत्या. कुणाच्याही पोटात औषध गेलेलं नव्हतं. गेलं ते कातडीतून आणि श्वासातून.

त्या साली पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, दाटही होती. बोंडअळीनं लोक हैराण. फवारा कमरेखाली मारायचा तो तोंडासमोर आणि डोक्यावर मारावा लागला, म्हणजे अर्धा अंगावरच. त्यात चार्जिंगचे पंप आले होते. हातपंपापेक्षा बारीक धुकं, जोर जास्त.

ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं औषध असलं (मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही त्यातलीच) तर शरीरात एक गोष्ट बिघडते. नस स्नायूला निरोप देते तो ॲसिटिलकोलीन या रसायनातून, आणि निरोप पोचला की ते पुसून टाकायला एक विकर (एन्झाइम) असतं. हे औषध त्या विकराला घट्ट चिकटून बसतं. निरोप पुसलाच जात नाही. मग तोंडाला लाळ, घामानं गादी ओली, छातीत घरघर, डोळ्याची बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी. त्यावर ॲट्रोपिन आहे. छाती मोकळी होईपर्यंत पुन्हा पुन्हा द्यायचं, आम्ही रात्रभर तेच करायचो. सोबत त्या विकराला सोडवणारी पॅमची इंजेक्शनं.

पण सगळ्यांनी एकच औषध थोडंच मारलं होतं? तीन-तीन मिसळलेली. त्यात डायफेंथिउरॉन असलं तर त्याला असा उतारा नाही. ते नसेवर नाही, पेशीच्या ऊर्जेवर घाव घालतं. तिथे ॲट्रोपिनचा उपयोग नाही, फक्त आधार देत राहायचं. म्हणून आम्ही नातेवाइकांना एकच गोष्ट ओरडून सांगायचो, काय मारलं ते तोंडी सांगू नका, डबा घेऊन या. एक म्हातारी बाई डबा शोधायला परत गावी गेली होती. आली तेव्हा पदरात बांधून तीन डबे आणले. धुतलेले. लेबल निघून गेलेले. धुऊन का आणले विचारलं तर म्हणाली, "दवाखान्यात घाण कशी आनू बाई?"

पंप_पाठीवर

मी दुसऱ्याच्या वावरात फवारतो, म्हणून मजुराचं सांगतो. मास्क, हातमोजे, गॉगल, हे सगळं पोस्टरवर असते. भादव्याच्या ऊनात, गुडघाभर ओल्या पऱ्हाटीत, पाठीवर सोळा लिटर घेऊन प्लास्टिकचा कोट घालून पाहा एकदा. पंपावर पैसे मिळतात, तासावर नाही. जितके पंप तितके पैसे. मग कोण थांबून तोंड धुतो?

नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकतो आम्ही. खोटं कशाला बोलू. झाकणानं माप घेतो, हातानं ढवळतो. आणि मधात बसलो का खर्रा. पन्नीत खर्रा घोटायचा तो त्याच हातानं.

२०१७ ले आमच्या गावातला एक गेला. त्याच्या मालकानं डबे रातोरात विहिरीमागं गाडले.

अभ्यासू_उंदीर

पंप_पाठीवर, तुमच्या शेवटच्या ओळीवर काही लिहिता येत नाहीये.

खर्र्याबद्दल मात्र लिहितो, कारण तोही याच धाग्यातला विषय. तंबाखू वाळवताना आणि मुरताना तिच्यात नायट्रोसामाइन नावाची संयुगं तयार होतात. ती कुणी वरून टाकत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं त्यांतल्या दोघांना माणसात कर्करोग करणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलंय. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही त्याच गटात आहे. सुपारीतल्या अरेकोलीननं तोंडाचं आतलं कातडं दोरीसारखं आवळत जातं. आमच्याकडे पंचविशीतली पोरं आहेत ज्यांच्या तोंडात पाणीपुरी जात नाही. गुटखा बंदी महाराष्ट्रात २०१२ ला आली, खर्रा त्याच्याही आधीपासून पानठेल्यावर ताजा घोटून मिळतो. त्यावर लेबल नाही, त्रिकोण नाही.

कोथरूडचा_वैदर्भीय

वाचून सुन्न झालो. आम्ही इथे भाज्या मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवतो, कुणी खाण्याचा सोडा सांगतं. त्याचा उपयोग होतो का? आईबाबा अजून वर्धेकडे असतात, त्यांनाही सांगता येईल.

पऱ्हाटी

वरवरचं जातं. वाहत्या पाण्याखाली चोळून धुतलं तरी बरंच जातं, सालं काढली तर आणखी. पण आंतरप्रवाही औषधं वेगळी. इमिडाक्लोप्रिड, मोनोक्रोटोफॉस यांसारखी औषधं झाडाच्या रसात उतरतात. रस शोषणारी कीड मरावी म्हणूनच तशी बनवलेली असतात. ती मिठानं निघणार नाहीत. तिथे उपाय एकच, फवारल्यावर लेबलवर लिहिलेले दिवस जाऊ द्यायचे आणि मगच तोडायचं. आमच्या आठवडी बाजारातल्या वांग्याच्या बाबतीत ते दिवस कोण मोजतं हे तुम्हाला मी सांगायला नको. परवा फवारलं, आज तोडलं, कारण बाजार आज आहे.

मोनोक्रोटोफॉस भाजीवर वापरायला फार आधीपासून बंदी होती आणि २०२३ मध्ये केंद्रानं त्याच्या ३६ टक्केवाल्या नेहमीच्या द्रावणाची विक्रीच बंद करायचा आदेश काढला. त्याच्या डब्याची एक आठवण देतो. २०१३ साली बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी शाळेच्या जेवणात तेच आलं, त्याच्या डब्यात ठेवलेल्या तेलातून. २३ मुलं गेली. हे वाचून मी बाबांकडे पुन्हा ढेपेच्या मापाचा विषय काढला होता. उत्तर तेच, म्हैस.

देशी_गाय

सर्वांना नमस्कार. एवढं सगळं वाचल्यावर वाटतं की उत्तर आपल्या दारात आहे आणि आपण शोधतोय बाहेर. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या, नैसर्गिक शेती शिकवणाऱ्या सुभाष पाळेकरांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली ती उगाच नाही. मी सहा वर्षं एकही थेंब विकत आणला नाही. शेण-गोमूत्राचं जिवामृत, दहा झाडांच्या पाल्याचा दशपर्णी अर्क, निंबोळी अर्क. निसर्गात विष नसतंच, ते माणसानं आणलं. नैसर्गिक खा, नैसर्गिक पिकवा, विषय संपला.

सरकीची_ढेप

देशी_गाय, तुमच्या सहा वर्षांबद्दल आदर आहे, माझी दोन एकर मीही तशीच करतो. पण "निसर्गात विष नसतंच" हे वाक्य मागे घ्या. माझा दुधाचा धंदा आहे म्हणून ठासून सांगतो.

पावसाळ्यात ढेपेचं पोतं भिंतीला टेकून ठेवलं की आठ दिवसांत खालून उबट वास येतो. हात घातला तर गरम लागतं, गठ्ठे झालेले, फोडले तर आतून हिरवट-पिवळी भुकटी उडते. ती बुरशी. तिच्यातली एक जात अफ्लाटॉक्सिन तयार करते. शंभर टक्के नैसर्गिक. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की पक्षी लाखाच्या संख्येनं मेले तेव्हा ते सापडलं, शेंगदाण्याच्या ढेपेत. आपल्या देशात १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून जास्त माणसं यकृत निकामी होऊन गेली. दुसरं खायला नव्हतं म्हणून खाल्ला.

गाय-म्हैस ती ढेप खाते तेव्हा विषाचा काही भाग थोडा रूप बदलून दुधात उतरतो. दूध उकळून तो जात नाही. आपल्याकडच्या नियमानं एक किलो दुधात अर्ध्या मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. एका ग्रॅमचे दहा लाख भाग करा, त्यातला एक भाग, त्याचाही अर्धा. गावात कोण मोजणार? मी एवढंच करतो की पोती लाकडी फळीवर ठेवतो, भिंतीपासून हातभर लांब, आणि उबट झालेलं पोतं खड्ड्यात टाकतो. शेजारी म्हणतो पैसे जास्त झाले का तुझ्याकडे. तो तेच वाळवून गाभण नसलेल्या गायीला घालतो.

धागाकर्ते, बाबांच्या मापाची काळजी करताय, मापातल्या ढेपेचा वास घेतला का कधी?

देशी_गाय

ठीक, बुरशीचं मान्य. पण ती निष्काळजीपणामुळे. पिकात तर निसर्ग विष घालत नाही ना?

झाडीपट्टीकर

घालतो जी. आमच्या भंडाऱ्याकडे या.

लाखोरीची डाळ आम्ही पिढ्यान् पिढ्या खातो. धान उभा असतानाच ओल्या बांधीत लाखोरी फेकायची. नांगरट नाही, खत नाही, फवारा नाही, पाणी नाही. धान कापला की खालून ती उभी. तुमच्या व्याख्येत याहून सेंद्रिय पीक दाखवा. आणि तिच्यात ओडॅप नावाचं संयुग असते, नसांवर काम करणारं. दोन-तीन महिने रोज तेच मुख्य अन्न झालं तर पायांतली ताकद जाते, काठीवर आलेला माणूस परत सरळ चालत नाही. त्याला लॅथिरिझम म्हणतात. १९६१ पासून तिच्या विक्रीवर देशात बंदी आली. महाराष्ट्रानं २००८ मध्ये ती उठवली, त्यासाठी नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारींनी वर्षानुवर्षं लढा दिला. कमी ओडॅपचे वाणही निघाले आहेत.

आता आमचं घरचं सांगतो. आजी डाळ कढत पाण्यात भिजवायची, ते पाणी बाहेर फेकायची, मग दुसऱ्या पाण्यात धुऊन वाटायची. लाखोरीचे वडे व्हायचे, पोळ्याला, लग्नात. कुणाचे पाय गेले नाहीत. विष बरंचसं पाण्याबरोबर जाते हे तिला माहीत नव्हतं, "उग्र पाणी पोटाले चांगलं नाही" एवढंच माहीत. सोबत भात होता, भाजी होती, तळ्याची मासोळी होती.

पाय गेले ते मध्य प्रदेशात रीवा-सतनाकडे, जिथे सालदाराला (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याला) मजुरीच लाखोरीत मिळायची. मालकाच्या घरी गहू, गड्याच्या घरी तिन्ही त्रिकाळ लाखोरी. डाळ तीच. म्हणून मी पंप_पाठीवर यांची पोस्ट दोनदा वाचली.

माहेरवाशीण

झाडीपट्टीकर, +१. आमच्या वॉर्डातही मालक कमी होते, गडी जास्त. मालक असले तरी दोन-तीन एकरवाले, स्वतःच पंप उचलणारे.

अभ्यासू_उंदीर

अवांतर : दशपर्णीबद्दल. काही लोक तिच्यात तंबाखूचा काढा घालतात. निकोटीन हे जुनं, जबरी कीटकनाशक आहे आणि तेही कातडीतून आत जातं. घरी केलंय म्हणून उघड्या हातानं गाळू नका. निंबोळी अर्काचं तसं नाही, पाच टक्क्यांचा बिनधास्त करा.

आणखी अवांतर : धान्यात ठेवायच्या गोळ्यांना कुणी वर सेंद्रिय म्हणू नये. ॲल्युमिनियम फॉस्फाईडमध्ये कार्बनच नाही. विष म्हणून मात्र कुणाच्या बापाला ऐकत नाही. झोपायच्या खोलीत ठेवलेल्या धान्यात त्या गोळ्या चुकूनही घालू नका, त्यातून निघणारा वायू रात्रीत घर संपवतो.

तुराटी

कुणीच तणनाशकावर लिहिलं नाही, म्हणून. दोन वर्षांआधी शेजाऱ्यानं गव्हात टू-फोर-डी मारलं आणि पंप नुसता विसळून ठेवला. जुलैत तोच पंप मी मागून आणला आणि पऱ्हाटीवर मावा-तुडतुड्याचं औषध मारलं. आठव्या दिवशी पऱ्हाटीची पानं भेंडीच्या पानावानी झाली, लांब, चिरलेली, बेडकाच्या पंजासारखी. शेंडा वळला. पहिले वाटलं व्हायरस आहे. कृषी केंद्रवाल्यानं व्हायरसचं औषध दिलं, तेही मारलं! नंतर एका कृषी सहायकानं पान हातात घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पंप कोणाचा होता?"

कपाशी त्या औषधाला इतकी नाजूक आहे की पंपात राहिलेलं शिल्लकही पुरते. अर्धा एकर गेला. शेजाऱ्याशी भांडण झालं नाही, कारण पंप मीच मागितला होता. आता तणनाशकाचा पंप वेगळा ठेवतो, त्याला लाल चिंधी बांधलेली. ते औषध पानात वाढीच्या संप्रेरकाचं सोंग घेते म्हणे, मास्तर खुलासा करतील.

पऱ्हाटी

बरोबर आहे, ऑक्झिनचं सोंग. रुंद पानाचं झाड फसतं आणि वेडंवाकडं वाढून मरतं, गहू फसत नाही.

तुराटीनं विषय काढलाच आहे तर, याच टू-फोर-डीच्या जोडीला एक दुसरं तणनाशक मिसळून अमेरिकेनं व्हिएतनाममध्ये जंगलं झडवली होती. त्या दुसऱ्यात डायॉक्सिनची भेसळ होती, बनवतानाच झालेली. डायॉक्सिन आपल्याही धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) तयार होतं. जुने पीव्हीसी पाइप, चपला, औषधाच्या पिशव्या एकत्र करून पेटवल्या की क्लोरिन आणि कार्बन अर्धवट आगीत एकमेकांना सापडतात. ठिबकच्या काळ्या नळ्यांत क्लोरिन नसतो, त्यामुळे त्यातून डायॉक्सिन नाही, पण काजळी चांगली नसतेच. पांढरा-करडा कडक पाइप मात्र जाळू नका. हे विष पाण्यात विरघळत नाही, चरबीत साठतं. चाऱ्यावर बसतं, गायीत जातं, दुधातून आपल्याकडे येतं. डीडीटीची रीतही तीच.

कोथरूडचा_वैदर्भीय

डीडीटीवरून आठवलं. लहानपणी मलेरियावाले घरात फवारून जायचे, भिंतींवर पांढरे ओघळ दिसायचे. आई धान्याच्या कोठ्यांवर सतरंज्या टाकायची आणि ते गेले की आम्ही भिंतीवर बोटानं चित्रं काढायचो. शेतीत ते १९८९ पासून बंद आहे हे आता कळलं. धागा आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, सतरंज्या मी नंतर नदीवर धुतल्या होत्या.

वऱ्हाडी_ठेचा

मंग मास्तर, मापाचं काय झालं? म्हैस म्हैस करून राह्यले, निकाल सांगा.

पऱ्हाटी

सांगतो. सरकीची_ढेप यांच्या पोस्टनंतर मी पहिल्यांदा ढेपेच्या पोत्याचा वास घेतला. उबट होता. खालचा थर बाबांनी न वाद घालता काढून टाकला, कारण वास त्यांनाही आला. पोती फळीवर चढली.

माप त्यांना पटत नव्हतं. मग मी त्यांना त्रिकोण समजावून सांगितले. लाल म्हणजे सगळ्यांत जहाल, मग पिवळा, मग निळा, हिरवा सगळ्यांत सौम्य. विषारीपणाच्या मात्रेवरून ठरतात, रंग उगाच नसतो. डब्याला भोकं पाडून टाकायचं हे लेबलवरच लिहिलेलं असतं, तेही वाचून दाखवलं. बाबांनी शांतपणे ऐकलं. रात्री मी खिळा तापवून डब्याला चार भोकं पाडली. सकाळी पाहिलं तर कुणी काही बोललं नाही.

काल संध्याकाळी गोठ्यात गेलो. खुंटीला नवं माप अडकवलेलं. पाच लिटरचा डबा, तिरका कापून काठ विळ्यानं घासून गुळगुळीत केलेला, जुन्यापेक्षा सुबक. मी काही म्हणायच्या आत बाबांनी तो फिरवून माझ्यासमोर धरला आणि लेबलवर अंगठा ठेवला.

"हिरवा हाये न आता?"